चरबीतील खानेसुमारी

मध्यमवयीन माणूस दवाखान्यात गेला की हल्ली त्याच्या पोटाभोवती फीत गुंडाळली जाते. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला असला तर चालण्याचा आणि गोड कमी करण्याचा उपदेश होतो, व तो योग्यच असतो. परंतु या फितीला न जुमानणारी माणसे आपल्या समाजात विपुल आहेत. तीस वर्षे शाळेत उभे राहून शिकवलेले काटक अंगाचे शिक्षक, नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालेला सडपातळ कारकून, सायकलवरून कामावर जाणारा सातपूरचा कामगार, यांच्या रक्तात एके दिवशी साखर सापडते आणि घरातली माणसे चकित होतात. अंगावर मांस नाही, मग साखर आली कुठून, हा प्रश्न नाशिकच्या कितीतरी घरांत विचारला गेला असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढ्या मोठ्या संख्येला केवळ जिभेचे चोचले कारणीभूत आहेत असे मानून मोकळे होणे सोपे असले तरी शहाणपणाचे नाही.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुण्याने दिलेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर डॉक्टर पाहतात, ते दोघांचेही अगदी सारखे, म्हणजे २२.३ होते. मात्र शरीरातील चरबी क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाली. संशोधकाने स्वतःलाच पुरावा म्हणून उभे करण्याचा हा प्रसंग विनोदी वाटला तरी त्यामागे फार मोठे काम होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन ३.५ किलो होते. वजन, स्नायू आणि पोटातील अवयव या साऱ्यांत आपले बाळ उणे पडले. त्वचेखालील चरबीत मात्र ते जवळजवळ बरोबरीला आले. 'बारीक पण मेदस्वी' हे आपल्या देहाचे वर्णन त्या अभ्यासातून जगभर गेले.

असे असले तरी चरबी किती आहे एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. सारखीच चरबी असलेल्या दोन माणसांपैकी एकाला मधुमेह होतो आणि दुसरा ऐंशीव्या वर्षी बासुंदी पचवतो, हे आपण पाहतोच. तेव्हा चरबी काय करते हा पुढचा प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर फितीने किंवा तराजूने मिळण्यासारखे नाही.

चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. तिला पहिला मोठा धक्का १९९३ साली बसला. इन्शुलिनच्या कामात अडथळा आणणारे, दाहाशी संबंधित असे एक द्रव्य लठ्ठ उंदरांच्या चरबीत तयार होत असल्याचे त्या वर्षी बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले. शरीरात जंतू शिरल्यावर पांढऱ्या पेशींनी सोडावे असे ते द्रव्य चरबीत काय करीत होते, याचा उलगडा होण्यास आणखी दहा वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये सांगितले की चरबीत मेदपेशी एकट्या नसतात. जंतूंना आणि मेलेल्या पेशींना गिळणाऱ्या ज्या भक्षक पेशी, ज्यांना मॅक्रोफेज म्हणतात, त्या तेथे वस्तीला असतात. बारीक माणसांच्या चरबीतील पेशींमध्ये त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते आणि लठ्ठ माणसांत ते ४० टक्क्यांच्या जवळ जाते. फुगत गेलेली मेदपेशी मरते, तिच्याभोवती या भक्षक पेशी कडे करतात, दाहद्रव्ये सोडतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या मेदपेशी इन्शुलिनचे ऐकेनाशा होतात. मधुमेहाच्या घडणीतील ही एक पायरी आहे. एकमेव आहे असे कोणी म्हणत नाही. चरबीत केवळ भक्षक पेशीच असतात असेही नाही. तेथे टी-पेशी, बी-पेशी आणि इतरही जाती आढळतात. त्यांतील काही आग भडकवणाऱ्या असतात, तर काही ती विझवणाऱ्या. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ज्यांच्या शोधासाठी दिले गेले, त्या नियामक टी-पेशी या विझवणाऱ्यांपैकी होत.

साहजिकच कोणत्या माणसाच्या चरबीत कोणत्या जातीच्या किती पेशी आहेत याची खानेसुमारी करावी लागते. गर्दीचा अंदाज आणि गणती यांतला फरक नाशिककरांना वेगळा समजावून सांगायला नको. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर किती माणसे आली याचे आकडे पोलीस, पालिका आणि पुरोहित वेगवेगळे सांगतात, कारण ते सगळे डोळ्यांनी घेतलेले अदमास असतात. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनबारीत मात्र माणूस एकामागून एक पुढे सरकतो, आणि तेथे उभे राहिले तर मोजता येते. फ्लो सायटोमेट्री नावाच्या पद्धतीत पेशींची अशीच बारी लावतात. द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकेक करून लेसरच्या किरणासमोरून जातात. प्रत्येकीवरून प्रकाश किती आणि कसा विखुरला यावरून तिचा आकार आणि आतला दाणेदारपणा कळतो. शिवाय प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर जी विशिष्ट प्रथिने असतात, त्यांनाच नेमके चिकटणारे प्रतिपिंड वेगवेगळ्या चमकणाऱ्या रंगांत बुडवून आधी पेशींत मिसळलेले असतात. कोणता रंग चमकला यावरून पेशीची जात ओळखतात. सीडी ४५ हे चिन्ह सर्व पांढऱ्या पेशींवर असते, सीडी ३ टी-पेशींवर, सीडी १९ बी-पेशींवर. भक्षक पेशींसाठी सीडी १४ आणि सीडी २०६ पाहतात. एका सेकंदात हजारो पेशी तपासून होतात. स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी अशा यंत्राला १९७०च्या सुमारास रूप दिले. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच वाणाचे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती शोधली, आणि मग या यंत्राला खरे डोळे आले.

रक्ताच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण रक्तातल्या पेशी मुळातच सुट्या असतात. चरबीचे तसे नाही, आणि सगळी गोम तेथेच आहे. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा पोटाच्या त्वचेखालून सुईने ओढलेला चरबीचा तुकडा प्रथम धुवायचा, वजन करायचा, कात्रीने अगदी बारीक कापायचा. मग कोलॅजेनेज नावाचे विकर घालून ३७ अंश तापमानाला अर्धा ते एक तास हलवत ठेवायचा, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारे तंतू विरघळतात. मिश्रण गाळून गरगर फिरवले की मेदपेशी लोण्यासारख्या वर तरंगतात आणि बाकीच्या पेशी तळाशी बसतात. मोजायचा असतो तो हा तळ. त्यातील तांबड्या पेशी फोडून काढायच्या, मेलेल्या पेशी ओळखण्यासाठी एक वेगळा रंग घालायचा, आणि त्यानंतर प्रतिपिंड. ताक घुसळणाऱ्या बाईला जसे कळते की लोणी कधी आले, तसेच येथेही हाताला कळावे लागते. विकर जास्त वेळ राहिले तर पेशींवरची चिन्हेच खाऊन टाकते. कमी वेळ राहिले तर निम्म्या पेशी तुकड्यातच अडकून राहतात. कोलॅजेनेजची एक बाटली दुसरीसारखी नसते. चरबी खाऊन फुगलेल्या भक्षक पेशी कोणताही रंग न लावता स्वतःच चमकतात, आणि नवखा माणूस त्या चमकेला शोध समजून बसतो.

याहून अवघड भाग हिशेबाचा आहे. पेशी एक ग्रॅम चरबीमागे मोजायच्या की शंभर पांढऱ्या पेशींमागे? लठ्ठ माणसाच्या मेदपेशी मोठ्या असतात, त्यामुळे एका ग्रॅममध्ये त्या कमी मावतात. तेव्हा ग्रॅममागे मोजणाऱ्याला आणि टक्केवारीने मोजणाऱ्याला एकाच तुकड्यातून निराळी उत्तरे मिळू शकतात. त्वचेखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी यांत फरक असतो, तो निराळाच. तुकडा विरघळवून टाकल्यामुळे कोणती पेशी कोठे बसली होती हेही कायमचे नाहीसे होते. मेलेल्या मेदपेशीभोवतीचे ते कडे पाहायचे तर सूक्ष्मदर्शकच हवा. खानेसुमारीने माणसे कळतात, त्यांचे वाडे कळत नाहीत. एवढे सगळे सांगण्याचे कारण असे की यंत्रातून बाहेर पडणारा आकडा हा निसर्गाने दिलेला नसतो. तो हातांनी, सवयींनी आणि ठरवलेल्या रीतीने घडवलेला असतो. दोन प्रयोगशाळांची रीत एक नसेल तर त्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

या विषयावरचे आजवरचे बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतील माणसांच्या चरबीतून आलेले आहेत, आणि त्यातही अतिलठ्ठ रुग्णांच्या. आपल्याकडे काही झालेच नाही असे नाही. कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतील संशोधकांनी वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत निघालेली रुग्णांची चरबी तपासून २०१६ मध्ये दाखवले की एका विशिष्ट जातीच्या प्रतिकारक पेशी लठ्ठ माणसाच्या चरबीत ओढल्या जातात आणि इंटरफेरॉन सोडून तेथील भक्षक पेशींना आक्रमक बनवतात. हे काम उत्तम आहे. परंतु पुण्याने जो प्रश्न उभा केला तो अतिलठ्ठ माणसाचा नव्हे, सडपातळ दिसणाऱ्या मेदस्वी माणसाचा आहे. वजन ५८ किलो आणि साखर २२० असलेल्या शिक्षकाच्या पोटातील चरबीत कोणत्या पेशी बसल्या आहेत? दुसऱ्या देशातल्या दीडशे किलोच्या माणसाकडे पाहून याचे उत्तर देणे म्हणजे शेजाऱ्याचे बाड पाहून आपल्या घराची झडती घेण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या आरोग्य केंद्रांना डॉक्टर मिळत नाहीत, तेथे लेसरची यंत्रे आणि रंगीत प्रतिपिंड ही चैन कशाला? आक्षेप घेणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि सुरगाण्याला डॉक्टर हवाच. परंतु हाच आक्षेप एड्सच्या काळातही घेता आला असता. सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील आठ ठिकाणी एचआयव्हीबाधितांना मोफत औषध देण्यास आरंभ केला, तेव्हा औषध कोणाला सुरू करायचे हे रक्तातील सीडी ४ पेशींच्या संख्येवर ठरत असे. ती संख्या २०० च्या खाली गेली की औषध, असा त्या वेळचा ढोबळ दंडक होता, आणि ती मोजली जात होती याच पद्धतीने. पुढे मर्यादा वाढत गेली आणि २०१७ पासून पेशींची संख्या काहीही असो, औषध सर्वांनाच द्यावे असे ठरले. दरम्यानच्या वर्षांत ज्याला कोणी चैनीचे म्हणाले असते ते मोजमाप हजारो गरीब माणसांच्या जगण्या-मरण्याचा निवाडा करीत होते. रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात आजही ते करते. तेव्हा पद्धत परकी वा महागडी आहे म्हणून ती आपल्या कामाची नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. चरबीच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की अशी गणती हा आज रुग्णाच्या उपचाराचा भाग नाही, आणि उद्या तो होईल असे आश्वासन कोणी देऊ नये. हा संशोधनाचा विषय आहे. मधुमेह झालेल्या बारीक माणसाला 'तुम्ही फार खाता' एवढेच सांगायचे, की त्याच्या शरीरात काय बिघडले ते शोधायचे, हा यातला प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. आमच्या चरकाने हे सारे आधीच सांगून ठेवले आहे, असे म्हणणारे विद्वान नाशिकमध्ये कमी नाहीत. प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे असतात व त्यांची चिकित्सा वेगळी असते, हे चरकसंहितेत आहे, आणि ते निरीक्षण खरोखरच थोर आहे. मात्र निरीक्षण थोर असले म्हणजे पुढची मोजणी करण्याची जबाबदारी संपत नाही; उलट ती वाढते. कृश प्रमेही आपल्या पूर्वजांना दिसला होता आणि त्याच्या चरबीचा तुकडा आपण अजून पुरेसा पाहिलेला नाही, यात मिरवण्यासारखे काही नाही.

आता नाशिकचा संबंध. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय म्हसरूळला आहे. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येतात. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, त्याचा विषय याच विद्यापीठाकडे नोंदवावा लागतो. या प्रबंधांपैकी पुष्कळसे एकाच धर्तीचे असतात आणि कपाटात जातात, हे वैद्यकीय शिक्षकच खाजगीत सांगतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. तीन वर्षांत, रात्रपाळ्या करून, एकट्याने, पैशांवाचून जेवढे होते तेवढे ते करतात. परंतु एक प्रश्न दहा महाविद्यालयांतील वीस विद्यार्थ्यांना वाटून दिला, सर्वांनी एकाच रीतीने तुकडा कापला, एकच विकर तेवढाच वेळ वापरले आणि एकाच पद्धतीने हिशेब मांडला, तर पाच वर्षांत असे काही हाती येईल की जे एकट्या मोठ्या संस्थेलाही सहज जमणार नाही. एवढा मोठा पसारा एका आदेशाने हलवू शकेल अशी सत्ता या राज्यात फक्त या विद्यापीठाकडे आहे.

साहित्याची उणीव नाही. पित्ताशयाचे खडे, हर्निया, सिझेरियन यांच्या शस्त्रक्रिया आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत नित्य होतात आणि त्यांतील रुग्ण बव्हंशी अतिलठ्ठ नसतात, तुमच्या-आमच्यासारखे असतात. अशा शस्त्रक्रियेत शरीराबाहेर निघालेला चरबीचा तुकडा पिवळ्या पिशवीत जातो आणि नियमाप्रमाणे जाळला जातो. यंत्र नाशिकला नसले तरी अडत नाही. पुण्यास विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तेथे अशी यंत्रे आहेत. अंतर सुमारे २१० किलोमीटर, सिन्नर-संगमनेरच्या रस्त्याने चार-पाच तासांचे. चरबीचा ताजा तुकडा इतका वेळ बाटलीत राहिला तर त्यातील पेशी मरू लागतात. पण विरघळवणे, गाळणे, रंगवणे हे येथेच उरकून पेशी फॉर्मल्डिहाइडच्या सौम्य द्रावणात स्थिर केल्या आणि नळ्या उजेडापासून झाकून बर्फात ठेवल्या, तर साधारण एक दिवसाची सवड मिळते. त्यासाठी नाशिकला लागते ते गरम पाण्याचे पात्र, केंद्रापसारक यंत्र, एक चांगला शीतकपाट आणि हे काम हाताला बसलेली दोन माणसे.

ही दोन माणसे हाच सगळ्यांत महागडा भाग आहे, आणि आपल्या सरकारी व्यवस्थेत त्यांचीच मंजुरी मिळत नाही. यंत्राच्या खरेदीला निविदा निघते, उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापली जाते. तंत्रज्ञाचे पद मात्र 'आकृतिबंधात नाही' म्हणून परत येते. मग कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी एक मुलगी घेतात. तिचा हात बसतो न बसतो तोच कंत्राट संपते, आणि तिच्याबरोबर ती कसबही जाते. वर म्हटल्याप्रमाणे आकडा जर हातांनी घडत असेल तर हात बदलला की आकडा बदलला. म्हणून नव्या यंत्राची मागणी करण्याआधी विद्यापीठाने अशा तंत्रज्ञांची कायम पदे मागावीत आणि त्यांना सहा महिने पुण्याला शिकायला पाठवावे. वृत्तपत्रात छायाचित्र छापून येईल अशी ही गोष्ट नव्हे, हे मान्य आहे.

राहता राहिला तो ज्याच्या पोटातून चरबी निघाली तो माणूस. संशोधनासाठी त्याची लेखी संमती, तीही त्याला समजेल अशा भाषेत, घेतली पाहिजे, असे वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात अनेकदा इंग्रजीतून शब्दशः उतरवलेल्या मराठीचा चार पानी कागद त्याच्यापुढे सरकवला जातो, आणि शस्त्रक्रियेच्या भीतीने अर्धमेला झालेला माणूस बोट दाखवतील तेथे सही करतो. हा कागद एका पानाचा असावा. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नातेवाइकांसमक्ष तो वाचून दाखवावा. काढायचा तेवढाच तुकडा काढला जाईल, चाचणीसाठी जास्तीचा कापला जाणार नाही, नाही म्हटले तर उपचारात फरक पडणार नाही, ही तीन वाक्ये त्यात ठळक असावीत. आणि निफाडहून आलेला एखादा शेतकरी चष्मा पुसत विचारील की माझ्या चरबीत काय सापडले ते मला कळवाल का, तर त्याला द्यायचे उत्तर त्या कागदावर आधीच लिहिलेले असावे.